आधी बांधावर

फोन आव्वांचा होता. नांदेडच्या दुकानात मी गिऱ्हाइकापुढं साडीचा पदर उलगडून धरला होता. "दिगंबर, बसू गेला. चहा घेता घेता. ये... हात लावायला ये." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि साडीची घडी घालून दिली. मग जळकोटची वाट धरली. त्याला काही आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही. लोक विचारतात, तेव्हा मला त्यांचाच राग येतो.

डॉ. बसवराज माझा शाळेपासूनचा मित्र, आव्वा त्याची आई. हात लावायला ये, असं त्या का म्हणाल्या हे सांगायचं तर त्या दुष्काळी उन्हाळ्यापासून सांगावं लागेल. बसू साथीच्या रोगांचा डॉक्टर. पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा हा आपणहून गेला. परतला तो थेट शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारच्या खोलीत, घरी पाऊल नाही. तीन आठवडे तो कुणाला शिवणार नव्हता. ताप यायचाच असेल तर तेवढ्या मुदतीत येतो, म्हणून आरोग्य खात्याचा एक माणूस रोज येऊन ताप बघून जायचा. गावाला टँकरचं पाणी, आणि हा पठ्ठ्या दिवसभर साबणानं हात धुतोय! मी तेव्हा गावातच होतो. डबा बांधावर ठेवायचो, मागं सरकायचो, मग साहेब उचलणार. त्याचे वडील, अप्पा, रोज बांधापर्यंत येऊन ओरडून गप्पा मारायचे. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून निघालेल्या प्रत्येक मोर्चात ते पुढं. "जिल्हा झाल्याबिगर मी मरत न्हाई," म्हणायचे. "मग तुम्ही अमर झालात, अप्पा," बसू पलीकडून ओरडायचा.

त्या बांधावरूनच त्यानं मला इबोला समजावला. हा रोग हवेतून येत नाही. आजारी माणसाचं रक्त, उलटी, घाम अंगाला लागला की शिरतो, आणि माणूस मेल्यावर तर सगळ्यात जास्त. "तिथंबी आपल्यासारखंच हाय, दिग्या. मेलेल्याला घरचेच आंघोळ घालतात, कवटाळतात. ज्याची माया जास्त त्याला आधी लागतो." सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातली माणसं यायची आणि प्रेत पिशवीत घालून न्यायची. लोकांनी मग आजारी माणसं लपवली, प्रेतं चोरून पुरली, गाड्यांवर दगड मारले. साथ वाढतच गेली. पुढं या मंडळींना अक्कल आली. घरच्यांना विचारायला लागले, जागा त्यांना निवडू दिली, मौलवींना दुरून दुआ म्हणू दिली, पुरण्याआधी पिशवी घरच्यांसमोर घटकाभर थांबवायला लागले. "तेवढं केलो, आन् लोक लपवायचे बंद झाले." बाकी काम म्हणजे पायपीट. रुग्णाला कोण कोण शिवलं ते शोधायचं आणि त्या प्रत्येकाच्या दारी तीन आठवडे रोज जाऊन ताप बघायचा.

अप्पा त्याच मुदतीत गेले. झोपेतच.

त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला आंघोळ घालून बसवतात, बसलेलाच मिरवत आपल्या शेतात आणतात आणि बसलेलाच मातीआड करतात. पाहुण्यांच्या जीपगाड्या यायला लागल्या. एकुलता एक लेक मात्र आखाड्यावर. आरोग्य खात्याचा माणूसच म्हणाला, "साहेब, तुम्हाला ताप न्हाई. ताप नसल्यावर दुसऱ्याला लागत न्हाई, तुम्हीच सांगितलात की. जावा." मीही तेच म्हणालो, जरा चिडूनच.

"आता न्हाई ताप. संध्याकाळी आला तर?" बसू त्या माणसाला म्हणाला. "इतकी माणसं गळ्यात पडून रडणार. कुणाकुणाच्या दारी जाशील तू?" मग माझ्याकडं वळला. "तिथं एका पोराला मी अडवलो होतो, दिग्या. बापाच्या प्रेताकडं पळत निघाला होता तो... आता मी जाऊ?"

त्यानं एवढंच मागितलं की अप्पांना बांधापाशी घटकाभर थांबवावं आणि त्यांचं तोंड त्याच्याकडं करावं. तसं केलं. स्वामींनी हात वर केला, भजन थांबलं. कपाळभर विभूती लावलेले अप्पा खुर्चीत बसलेले, समोर हात जोडून बसू, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. त्याच्यासाठी मी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. तो बसला नाही, माती लोटेपर्यंत तिची पाठ धरून उभा राहिला. दुष्काळानं जमीन अशी आवळली होती की पहारीचे घाव तिथपर्यंत ऐकू आले होते. माती लोटायच्या वेळी आव्वा पुढं झाल्या. एक मूठ टाकली. "ही माझी." दुसरी टाकली. "ही बसूची."

त्याला ताप आला नाही. तीन आठवडे संपले, काही झालं नाही. मग पाहुणे म्हणाले, उगंच बापाला अंतरला. एक चुलता तर बोलायचा बंद झाला. बसू मात्र पुढं शेतात आला की आधी बांधावर जायचा, तिथंच राहिलेल्या त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा, आणि मगच अप्पांच्या समाधीपाशी. "तिकडं नाव नोंदवून इकडं यावं लागतं काय बे?" मी एकदा छेडलं. हसला. पण दर वेळी तसंच करत राहिला.

आता तोही बसला होता, अंगणात, विभूती लावून. आव्वा येईल त्याला पुढं ओढत होत्या. "लावा हात. भिऊ नका, लावा." दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही. मीही लावला. कपाळ गार होतं. मला काहीच वाटलं नाही, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. त्याची जागा अप्पांच्या शेजारीच केली. उदगीरचा जिल्हा अजून व्हायचाच आहे.

परवा शेतात गेलो. आव्वा दोन्ही समाध्यांच्या मध्ये जमिनीवर बसल्या होत्या. बांधावर ती खुर्ची, उन्हानं रंग उडालेली. आव्वांना बसायला होईल म्हणून मी ती उचलली.

"राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "तो आधी तिथं थांबतो."

मी खुर्ची परत ठेवली. पाय त्याच खळग्यांत बसवले, तोंड समाध्यांकडं केलं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून घटकाभर उभा राहिलो.