नानांना दिसणारे रंग

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. तीस वर्षं गणित शिकवतेय. चूक दिसली की गप्प बसवत नाही. पण बरकतपुऱ्यातल्या मॅचिंग सेंटरमध्ये काउंटरमागे उभ्या असणाऱ्या रोशनी सोनकांबळेपुढे माझी डाळ शिजत नाही. कधीच शिजली नाही.

साडी घेऊन गेलात की ती आधी तुम्हालाच दुकानाबाहेर काढते. खरंच! काउंटरची फळी उचलून बाहेर येते, साडीचा पदर एका हातात, चार-पाच ब्लाऊजपीस दुसऱ्या हातात, आणि भर फुटपाथवर उन्हात उभी राहते. डोळे बारीक करते. "ट्यूबलाइट खोटं बोलते मॅडम, उन्हात बघा," म्हणते. आणि रंग जुळला नाही तर सरळ सांगते, "नक्को मॅडम, हे घेऊ नका. परवा नवीन माल येणार आहे, तवा या." मालक आत कपाळावर हात मारून घेतो. पण गिऱ्हाईक तिच्यासाठीच येतं, हे त्यालाही कळतं, म्हणून बोलत नाही बिचारा.

तिचे वडील तातेराव बिलोलीकडून इथे आले, रेल्वेत गँगमन होते. घरी बोलणं मराठीत, शाळा तेलुगूत, बाजार दखनीत. मराठी वाचायचं म्हणजे तिला घाम फुटतो. तरी तिच्याकडे एक जाडजूड ड्रॉइंगची वही आहे, तिच्यात कापडाचे बोटभर तुकडे चिकटवलेत आणि प्रत्येकाखाली मराठी शब्द तेलुगू अक्षरांत लिहिलेत. मी तेलुगू वाचते, म्हणून एकदा तिने मला ती दाखवली. 'अफझलगंज, सीताफळवालीच्या टोपलीखालचं फडकं.' 'विद्यापीठाचा दगड, पाऊस पडून गेल्यावर.' 'आईच्या लुगड्याचा काठ, धुवून धुवून.' कुठे रंग आवडला की ती तो डोक्यात ठेवते आणि दुकानात येऊन त्याचा तुकडा शोधते. सापडेपर्यंत चैन पडत नाही तिला. एका हिरव्यासाठी म्हणे सात महिने लागले.

लोक तिला आता नुसते ब्लाऊजचे रंग विचारत नाहीत. नवीन सुना पडद्याचे रंग विचारतात, पोरी लग्नातल्या दुपट्ट्याचे विचारतात, एका डॉक्टरीणबाईने तर दवाखान्याच्या भिंतींना कोणता रंग द्यायचा ते विचारलं. हे सगळं मला माहीत होतं. पण स्वतःच्या घराचं तिला विचारावं, असं माझ्या मनातही आलं नाही. का नाही आलं? कारण आमचं घराणं! पिढ्यान्‌पिढ्या वकील आणि मास्तर. आमच्यात भडक चालत नाही. लहानपणी लाल फ्रॉक मागितला तर आई म्हणायची, "शोभतं का आपल्याला?" आमच्याकडे साय, मोती, फार झालं तर फिकट बिस्किटी.

दोन वर्षांपूर्वी जुनं घर विकून आम्ही विद्यानगरला फ्लॅट घेतला, मी आणि माझे वडील, नाना. वय शहाऐंशी. मी एक डेकोरेटर बोलावली. तिने टॅबवर फोटो दाखवले आणि मी खूश होऊन माना डोलावल्या. भिंती पांढऱ्या, दारं पांढरी, फरशी पांढरी, सोफा सायीच्या रंगाचा. येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "वा, किती सोबर!" मला गुदगुल्या व्हायच्या.

आणि नानांना त्या घरात काहीच दिसत नव्हतं.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार. मधलं सगळं अंधूक, रंग विटलेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने सुटणारं नाही, आहे त्या नजरेत भागवायचं. नाना सोफ्यावर बसायला गेले आणि सोफ्याशेजारी, जमिनीवर बसले. पांढऱ्यावर पांढरं! कळणार कसं? माकडहाड दुखावलं. पुढच्या महिन्यात बाथरूमचं दार समजून भिंतीवर गेले, कपाळाला टाके पडले. त्यानंतर ते खुर्चीतून उठेनासेच झाले. उठायचं म्हणजे मला हाक. मी कॉलेजात असले की कामवाल्या बाईला हाक. ज्या माणसाने कोर्टात चाळीस वर्षं उभं राहून वाद घातला, तो बाथरूमला जायचं म्हणून दुसऱ्याचा हात मागायला लागला. मागताना मान खाली घालायचा. मला बघवायचं नाही.

माझा भाऊ सुधीर पुण्याला असतो. त्याने तिकडे एक केअर सेंटर पाहून ठेवलं, चांगलं, स्वच्छ, चोवीस तास माणूस. म्हणाला, "ताई, तू एकटी किती करणार? दसऱ्याला येतो आणि नानांना घेऊन जातो." चुकीचं नव्हतं त्याचं. पण नाना रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मला इथे राहायचंय, प्रणिता." दसऱ्याला तीन आठवडे होते.

त्याच आठवड्यात मी मॅचिंग सेंटरमध्ये गेले आणि एका क्षुल्लक अस्तरावरून रोशनीवर खेकसले. तिने काउंटरची फळी उचलली. मला स्टूल दिलं. मग मला रडूच कोसळलं, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर! सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काकांना कोणता रंग दिसतो, हे कोणी बघितलं का?"

कोणीच बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली होती, मी चष्मे बदलले होते. रंग कोणी विचारला होता?

रविवारी सकाळी ती दोन पिशव्या भरून तुकडे घेऊन आली. नानांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बैठक मारली आणि एकेक तुकडा भिंतीवर धरायला लागली.

"काका, हे दिसायलंय?"

"दिसतंय असं वाटतं."

"वाटतं नक्को. दिसलं तरच हौ म्हणा."

नाना हसले. कित्येक महिन्यांनी हसले हो! "प्रणिता, ही उलटतपासणी चांगली घेते," म्हणाले. अडीच तास चाललं. पिवळा गेला, आकाशी गेला, पोपटी गेला. मिरचीचा लाल दिसला. गडद हिरवा दिसला. आणि सगळ्यात लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसला तो राणी रंग. लग्नातल्या शालूंचा असतो तो, झणझणीत.

"बाथरूमचं दार राणी करू," रोशनी म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "हे घर आहे की बँडवाल्यांची गाडी? आमच्याकडे असलं काही चालत नाही!"

तिने तुकडे गोळा करता करता वर पाहिलं. "मॅडम, घर कोणाला दिसायचंय? येणाऱ्याला का राहणाऱ्याला?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. पण बरं झालं. कोणीतरी मारायलाच हवं होतं.

आठवडाभर ती दुकान सुटल्यावर येत होती. बाथरूमचं दार राणी. स्वयंपाकघराची चौकट गडद हिरवी, तोच तिचा सात महिन्यांचा हिरवा. सोफ्याला मिरचीच्या लाल रंगाचं कव्हर, खुर्चीच्या हातांना तीच पट्टी. दिव्यांच्या बटणांभोवती लाल चौकोन. मला वाटलं होतं, घराची जत्रा होणार. झाली नाही! एका रंगाची कड ती दुसरीकडे कुठेतरी बारीक आणायची, पडद्याच्या दोरीला हिरवा, उशीच्या गोटाला राणी, आणि मग ते रंग एकमेकांच्या ओळखीचे वाटायला लागायचे. आमच्या शेजारच्या अश्विनीने येऊन विचारलं, "डेकोरेटर कोण हो?" मी मान ताठ करून नाव सांगितलं.

पण एक घोटाळा झाला. रोशनीने बाथरूमसमोर जांभळाच्या रंगाचं जाड पायपुसणं टाकलं होतं, फरशीवर उठून दिसावं म्हणून. दुपारी नाना कुणाचा हात न धरता त्यावरून नीट गेले. संध्याकाळी दिवे लागले आणि नाना त्याच्या काठाशी येऊन थांबले. पाय उचलेनात. घामाघूम झाले. "खड्डा आहे पुढे," म्हणाले. मी किती सांगितलं, नाना, पायपुसणं आहे. ते भिंतीला धरून उभे राहिले आणि शेवटी मला हात मागितला. पुन्हा तेच.

मी फोनवर रोशनीला वाट्टेल ते बोलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली, दिवे लावायला सांगितले आणि स्वतः नानांच्या खुर्चीत बसली. बराच वेळ नुसती बघत राहिली. ट्यूबलाइटखाली ते जांभळं काळं ठिक्कर पडलं होतं, खरोखर जमिनीला भोक पडल्यासारखं.

"माझी चूक आहे मॅडम," ती म्हणाली. "अठरा वर्षं मी ट्यूबलाइटला खोटं म्हणायले. पण काकांची संध्याकाळ तिच्याच खाली जाते. त्यांच्यासाठी तेच खरं आहे."

सबब नाही, आढेवेढे नाहीत. मी वर्गात मुलांना हेच शिकवायचा प्रयत्न करते आणि मला स्वतःला आयुष्यात जमलं नाही. ती चार संध्याकाळी येऊन बसली, एकूण एक रंग दिव्याखाली पुन्हा तपासला, हिरवा एका छटेने उजळ केला, पायपुसणं उचललं आणि त्या जागी फरशीवर नुसती एक लाल रेघ आखली, सोफ्यापासून बाथरूमच्या दारापर्यंत. नाना पहिल्या दिवशी दोन पावलं गेले, मग चार. मला मदतीला यायची बंदी होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून ओठ चावायचे.

सुधीर दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आला. दारातच थबकला. "ताई, हे काय करून ठेवलंयस घराचं?" त्याच वेळी रोशनी उशांचे शेवटचे अभ्रे घेऊन आली होती, जिना चढून दमलेली. मी दोघांची ओळख करून देतेय तोवर नाना खुर्चीतून उठले.

"बस गं पोरी. पाणी आणतो," म्हणाले.

सुधीर आधार द्यायला धावला. मी त्याचा शर्ट मागून घट्ट धरला. नाना खुर्चीच्या लाल पट्टीवर हात टेकून निघाले, हिरव्या चौकटीशी क्षणभर थांबले, आत गेले. माठाचं झाकण वाजलं. नाना भरलेला ग्लास घेऊन आले, थोडं पाणी सांडलं, पण ते चालत आले आणि ग्लास रोशनीच्या हातात दिला. छप्पन्न वर्षांत नानांनी कुणाला पाणी आणून दिलेलं मी पाहिलं नव्हतं. ते काम घरातल्या बायकांचं. आणि रोशनीच्या समाजाच्या माणसांना आमच्याच घरात एकेकाळी पाणी कसं वरून ओतून देत, ते मी आजीच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय. मला लाज वाटते सांगायला, पण सांगायला हवं.

रोशनीने ग्लास रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि सुधीरकडे बघत म्हणाली, "काका, अजून एक आणा. भाऊ लांबून आलेत."

नाना वळले आणि पुन्हा निघाले. या वेळी सुधीर जागचा हलला नाही. नानांच्या पाठीकडे बघत राहिला, ते आत गेले तरी बघत राहिला. नाना परत आले, त्याच्यासमोर ग्लास धरला. त्याने तो घेतला, दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच पुण्याला लावला. "हो, मी सुधीर बोलतोय. माझ्या वडिलांसाठी ठेवलेली खोली..." त्याने एकदा नानांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती दुसऱ्या कुणाला देऊन टाका."

"अरे, आधी पाणी पी," नाना म्हणाले.