विरारचा पत्रकारितेचा वर्ग

किस्से सांगायला समोर माणूस लागतो. चंदनसारच्या माझ्या फ्लॅटमध्ये तो नाही, त्यामुळे माझ्याकडे फारच साठलेत. आयुष्यभर पेपरात उपसंपादक होतो. रिटायर झाल्यावर विरारच्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या एम.ए.ला शिकवायला लागलो. विद्यार्थी मोजकेच.

*

नायगावची प्राची पहिली मुलाखत घ्यायला अर्नाळ्याला गेली. दहा प्रश्न टाइप करून नेलेले. मासळी वाळत घालणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "आदी ही टोपली धर, मंग इचार."

प्राची दुपारपर्यंत टोपल्याच धरत राहिली. हाताला बोंबलाचा वास घेऊन वर्गात आली, वहीत एक ओळ नाही. पण बसून एका दमात जे लिहिलं, त्यात मला एक स्वल्पविरामही बदलावासा वाटला नाही.

*

सांडोरच्या विल्सनने रस्तारुंदीत गेलेल्या केळीच्या बागांवर प्रोजेक्ट केला. नकाशे, दोन्ही बाजू, सगळं चोख. बातमीत 'मी' नको, हे मीच घोकून घेतलं होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी कौतुक केलं आणि सहज विचारलं, तुमचीही बाग होती का तिकडे?

"होती, मॅडम. तिसऱ्या परिच्छेदात."

मॅडमनी प्रोजेक्ट पुन्हा उघडला आणि तिसरा परिच्छेद काढला.

*

तिसऱ्या वर्षी पहिल्या दिवशी वेळेवर जाऊन बसलो. फळ्यावर तारीख घातली. पाऊण तासाने क्लार्क पंखे बंद करायला आला. या वर्षी एकही प्रवेश झाला नव्हता. "सर, तुम्हाला कळवायचं राहिलं," म्हणाला. मी तारीख पुसली.

*

त्यानंतर वर्षभराने माझी बायको गेली. प्राची आता एका स्थानिक पेपरात आहे. तिथे मी चार ओळी लिहून पाठवल्या. तासाभरात तिचा फोन आला.

"सर, निधनाची बातमी घरी फोन करून खात्री केल्याशिवाय घ्यायची नाही, असं तुम्ही शिकवलंत."

मी म्हटलं, बरोबर आहे, विचार. तिने नाव विचारलं, वय विचारलं, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ विचारला. शेवटी विचारलं, मागे कोण कोण. मी एकटाच, असं सांगितलं आणि 'परिवार' हा शब्द काढून टाक म्हटलं.

सकाळी पेपर उघडला. शेवटची ओळ होती, 'त्यांच्या पश्चात पती आणि विद्यार्थी असा परिवार आहे.'