शिवम्माच्या घरचा बुधवार

शिवम्माचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. रविवारीसुद्धा. दालमिलला रविवारी सुट्टी असे, शिवम्माला नसे. इतर दिवशी ती उठून पाणी भरी, भाकरी थापी, नवऱ्याचा डबा बांधी आणि मिलचा भोंगा व्हायच्या आत दाराशी उभी राही. रविवारी त्याच वेळेला उठून ती आमचं चर्च झाडायला येई.

चर्च म्हणजे लातूरच्या जुन्या नॅरोगेज लायनीच्या बाजूला पत्र्याचा एक हॉल. बाकं नव्हती, जमखाने होते. शिवम्मा ते बाहेर नेऊन दोरीवर टाकी आणि काठीने झोडपी. झोडपून झाल्यावर तळहाताने थोपटून बघे. धूळ उडाली तर पुन्हा झोडपी. मी आयुष्यभर गवंडीकाम केलं, माझ्या हाताखाली पुष्कळ माणसं राबली. केलेल्या कामाला पुन्हा हात लावून बघणारी त्यात फार थोडी होती.

ती देगलूरकडची, जन्मापासून ख्रिस्ती घरातली. बोलण्यात तेलुगूची झाक होती. मला अन्ना म्हणे. नवरा रामलिंग आडतीत हमाल. तो ख्रिस्ती नव्हता. दोघांनी आपल्या मनाने लग्न केलं होतं आणि त्यापायी दोन्हीकडचे नातेवाईक बरीच वर्षं तुटले होते. रविवारी तो तिला न्यायला सायकल घेऊन येई. उपासना सुटायच्या कितीतरी आधी येई आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राही. आत कधी आला नाही. आम्हीही कधी बोलावलं नाही.

आमची मंडळी लहान, वीस-बावीस घरांची. पाळकसाहेबांकडे तीन गावं होती, ते एक रविवार सोडून एक यायचे. मधल्या रविवारी दयानंदराव वचन सांगायचे. ते एसटीत कंडक्टर होते. वचन सांगताना माणसं मागे उभी दिसली की ते म्हणत, पुढं सरका, पुढं जागा आहे.

रविवारी आम्ही एकमेकांना भेटायचो. एकमेकांची माहिती मात्र व्हायची बुधवारी. बुधवारी संध्याकाळी घरोघर प्रार्थना असे. एका आठवड्याला एकाचं घर. दोन गाणी, थोडं वाचन, मग ज्याचं त्याने दुखणं सांगायचं. कुणाची साखर, कुणाची बदली, कुणाची गाभण म्हैस. सगळ्यांसाठी प्रार्थना झाली की चहा. चहाबरोबर काही ठेवायचं नाही असा नियम होता, म्हणजे गरिबाला ओझं नको. दयानंदरावांच्या पत्नी सिंधुबाई तो नियम दर वेळी मोडायच्या. भजी पुढे ठेवून म्हणायच्या, हे शेजारणीने पाठवलंय, टाकून कसं देऊ?

उठायच्या आधी दयानंदराव कंडक्टरच्या सुरात विचारत, "पुढचा स्टॉप?"

ज्याला हवं त्याने "आमच्याकडं" म्हणायचं. नाव घेऊन कुणालाही विचारायचं नाही, कारण नाव घेतलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. जुन्या लोकांनी घालून दिलेली रीत होती आणि चांगली होती.

आता बुधवारची प्रार्थना मोबाईलवर होते. लॉकडाऊनमध्ये सुरू झाली ती तशीच राहिली. शिवम्मा आणि रामलिंग हल्ली नांदेडला मुलीकडे असतात. शिवम्मा तिथून फोन लावते. तिच्या चौकटीत बहुतेक वेळा नुसता छताचा पंखा दिसतो. माझा गुडघा गेलाय, मलाही घरी बसून सोयीचं पडतं. पण दारातला चपलांचा ढीग दिसत नाही आणि चहा ज्याला त्याला आपल्याच घरचा प्यावा लागतो.

त्या काळात शिवम्मा मिलमधून थेट बुधवारच्या घरी यायची. केसात तुरीचा भुसा असे. दारापाशी बसायची. चहा झाला की घर कुणाचंही असो, कप तीच विसळायची. फक्त "पुढचा स्टॉप?" ऐकलं की ती खाली बघायची. आणि दयानंदराव विचारताना सगळीकडे नजर फिरवायचे, तिच्यावरून मात्र चटकन पुढे न्यायचे.

त्याला कारण होतं. शिवम्माची मुलगी दिपाली जन्मली तेव्हा मंडळीतल्या बायका प्रार्थनेला तिच्या घरी गेल्या होत्या. माझी बायको त्यात होती, तिच्याकडून मला कळलं. पावसाचे दिवस. एकच खोली, मातीची जमीन, वरून गळती. प्रार्थना झाल्यावर सिंधुबाई उठल्या तर नव्या साडीला मागून चिखल. त्या हसून म्हणाल्या, शिवम्मा, तुझं अर्धं घर मी घेऊन चालले गं. सगळ्या हसल्या, शिवम्माही हसली. पण त्याआधी एक गोष्ट झाली होती. रामलिंग नुकताच आडतीतून येऊन कोपऱ्यात बसला होता. बायकांनी पहिलं गाणं धरलं तसा तो उठला आणि भर पावसात बाहेर निघून गेला.

मंडळीने ओळखलं की नवऱ्याला हे आवडत नाही. तिच्या संसारात आपल्यामुळे खटका नको. तेव्हापासून ते घर वगळलं गेलं. असं काही कुणी ठरवलं नव्हतं, सगळ्यांना नुसतं कळलं होतं.

शिवम्मा फरशीसाठी पैसे साठवते एवढं मला माहीत होतं. पहिल्यांदा साठले ते दिपालीच्या नर्सिंगला गेले. दुसऱ्यांदा साठले त्या वर्षी वादळात घरावरचे पत्रे उडाले. त्यानंतर ती फरशीचं बोलायची बंद झाली. मला वाटलं, विषय संपला.

मग तो उन्हाळा आला ज्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं. बांधकामं बंद पडली होती, मी घरी बसून होतो. एका रविवारी उपासना सुटल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अन्ना, फरशी बसवून द्या."

मी म्हणालो, प्यायला पाणी नाही आणि तू सिमेंटचं काम काढतेस? पाणी न पाजलेलं काम मी करत नाही. पाऊस पडू दे, मग बघू.

"पावसापर्यंत पैसे ऱ्हात न्हाईत. दोनदा गेले. आता दगडात घालते, मग कुठं जातेत बघू."

एवढी घाई कशाची, असं मी विचारलं. तिने आधी आजूबाजूला बघितलं.

"मला बुधवार घ्यायचाय. सिंधुबाईची साडी खराब झाली, तवापास्नं मातीवर कुणाला बसा म्हणू? पानी रामलिंग आणतो म्हणलाय."

मी दुसऱ्या दिवशी माप घ्यायला गेलो.

खोली दहा बाय बाराची. मी जमीन उकरायला घेतली तर माती लागेना. नुसते सारवणाचे पापुद्रे, एकावर एक, जुन्या वहीच्या पानांसारखे. रामलिंग घमेली भरून बाहेर नेत होता. म्हणाला, दर मंगळवारी सारवते. कितीही थकून आली तरी मंगळवार चुकवत न्हाई.

मंगळवारच का, हे मी विचारलं नाही. मंगळवारनंतर बुधवार येतो.

पाण्याचं त्याने असं केलं होतं. औशाच्या वाटेवर एका शेतकऱ्याची विहीर अजून टिकून होती. त्याची तूर रामलिंगच्या आडतीत यायची, तेवढी ओळख. आडतीत जायच्या आधी रामलिंग तिथून सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून आणायचा. तशी भरलेली सायकल चालवता येत नाही, ढकलावी लागते. चढाला छाती लावावी लागते. मग दिवसभर तो पोती उचलायचा. मी पाण्याचा हिशेब करणारा माणूस आहे, पण त्याच्या पाण्यातलं मी थेंबभर सांडू दिलं नाही ते हिशेबापायी नाही.

मुरूम टाकून धुमसाने ठोकून घट्ट केला. शहाबादी फरशी आणली. दोरी लावून, दाराकडे किंचित उतार ठेवून एकेक दगड बसवत आलो. दाराजवळचा एक दगड ठोकल्यावर वाजला. वाजला म्हणजे खाली पोकळ. पाय पडून पडून असा दगड एक दिवस फुटतो. रामलिंग म्हणाला, दिसत तर न्हाई. मी दगड उचलला, खालचा माल काढला, नवा माल कालवायला सांगितलं. तो कालवत असताना म्हणाला,

"मिस्त्री, आता येतील का लोकं?"

येतील की, मी म्हणालो.

"मग मी त्या दिवशी औशाला बहिणीकडं जाईन. तुमी त्यास्नी सांगून ठेवा, तो घरी न्हाई म्हणून."

मी विचारलं, तुमचं काय अडलंय?

"माझं कशाला अडंल? मागं बाया आल्या व्हत्या. मी असा पोत्याच्या धुळीनं भरलेला, घामाचा वास. जागा एवढीशी. म्हणलं त्यास्नी बसू द्यावं, म्हणून भाईर गेलो. मग पुन्हा कुनी आलंच न्हाई. आपण त्यांच्यातले न्हाई, नको वाटत असंल त्यास्नी."

मी थापी खाली ठेवली. मंडळी काय समजते ते त्याला सांगितलं, की तुम्हाला गाणी-प्रार्थना खपत नाहीत.

त्याने फावडं तसंच धरून माझ्याकडे बघितलं. "मला सगळी गाणी येतेत," तो म्हणाला. "टपरीवर दुसरं काय हाय ऐकायला?"

दिपाली तेव्हा नोकरीला लागली होती. म्हणजे मुलगी मोठी होऊन कमावती होईपर्यंत हे असं चाललं होतं. मी दगड पुन्हा बसवला आणि ठोकला. वाजला नाही. रामलिंगला म्हणालो, औशाला जाऊ नका. त्याने पाणी मारायला घेतलं.

फरशीला आठवडाभर पाणी पाजायचं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही प्रार्थनेला आपापली पाण्याची बाटली घेऊन जायचो, यजमानाकडे पाणी मागायचं नाही असं ठरलं होतं. त्या बुधवारी दयानंदरावांच्या घरी होतो. प्रार्थना झाली. भजी आली, शेजारणीची. दयानंदरावांनी विचारलं, "पुढचा स्टॉप?"

"माझ्याकडं," शिवम्मा म्हणाली.

सिंधुबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हळूच म्हणाल्या, अगं, रामलिंगरावांना विचारलंस का? त्यांना चालेल ना?

"त्यास्नी न चालायला काय झालं? त्येच तर पानी वाहून राहिलेत."

तेव्हा मी तोंड उघडलं. रामलिंग माल कालवताना जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. आपलं काही घातलं नाही. दयानंदराव जमखान्याकडे बघत बसले. एवढ्यात शिवम्मा सिंधुबाईंकडे वळली.

"म्हंजे साडीमुळं न्हवं?"

"कुठली साडी?" सिंधुबाई म्हणाल्या.

शिवम्माने त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसत राहिली, आणि सिंधुबाई सगळ्यांना विचारत राहिल्या, अगं कुठली साडी, सांगा की कुणीतरी.

"पुढचा स्टॉप शिवम्मा," दयानंदराव म्हणाले. या वेळी कंडक्टरचा सूर नव्हता.

तो बुधवार आला. मी जरा लवकर गेलो, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सुकले का बघायला. फरशी धुऊन पुसून ठेवली होती. त्या उन्हाळ्यात फरशी धुणं म्हणजे काय, हे लातूरच्या माणसाला सांगावं लागणार नाही. शिवम्माने मिलमध्ये अर्धी पाळी मागून घेतली होती. माणसं येत गेली, दारात चपला साठत गेल्या. सगळे दाटीवाटीने बसले. सिंधुबाई मुद्दाम पांढरी साडी नेसून आल्या होत्या आणि मधोमध बसल्या.

रामलिंग बाहेर सायकल धरून उभा होता. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. दयानंदराव उठून दाराशी गेले, चला आत म्हणाले. तो म्हणाला, तुमी बसा, मी बहिणीकडं जाऊन येतो, तेवढीच जागा व्हईल. रोज शंभर माणसांना आत सरका म्हणणारा माणूस तिथं नुसता उभा राहिला.

शिवम्मा आतून चहाचं आधण ठेवून आली. दारापर्यंत गेली नाही, मधूनच बोलली.

"आत बसा. फरशी माझ्या कमाईची हाय. कुनी बसायचं ते मी सांगणार."

रामलिंगने सायकल भिंतीला लावली. चपला काढून ढिगात ठेवल्या, टॉवेलने तळपाय पुसले आणि दाराजवळच बसला. मी दोनदा बसवलेल्या दगडावर. पहिल्या गाण्याला तो गप्प होता. दुसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज आला. शब्द बरोबर होते.

शिवम्मा त्या दिवशी कप विसळायला उठली नाही. बायकांनी उठू दिलं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तळहाताने बाजूची फरशी थोपटत होती, जमखाना थोपटायची तशी. मिलमध्ये तिने जे कमावलं त्यातलं काही मुलीच्या शिक्षणाला नांदेडला गेलं, काही पत्रे होऊन डोक्यावर गेलं. राहिलेलं त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांच्या मांडीखाली होतं. गार, सपाट, कुठंही न वाजणारं.