गरम बॉनेट

थंडेकाकांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. डिझेल पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. वर्कशॉप सुटलं तरी सुटका काही झाली नाही. कुणी जुनी डिझेल गाडी घ्यायला निघालं की आधी काकांना गाठायचं, हे ठरूनच गेलेलं. आणि काका मालकाला आधी एकच निरोप धाडायचे : आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका, गाडी थंड हवी. त्यावरून नाव पडलं आणि चिकटलं.

डिझेल इंजिनाचं दुखणं थंडपणी बाहेर येतं. कॉम्प्रेशन गेलेलं असो, सिलिंडर तापवणारा हीटर बाद झालेला असो की पंप थकलेला असो, सकाळच्या पहिल्या सेल्फला सगळं कळतं. एकदा का तापलं, की तेच इंजिन पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं गुणी होऊन बसतं. म्हणून लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आत गाडी तापवून ठेवतो. काका त्यावर वाद घालत नसत. "या, बसा" होण्याआधीच ते बॉनेटवर तळहात टेकवायचे, तापकरी लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा. गरम लागलं तर चहासुद्धा न घेता माघारी.

"बाबा, माझं स्थळ बघायला गेलात तेव्हाही असाच हात लावून पाहिला होता का?" त्यांची मुलगी एकदा म्हणाली होती.

"तिथंच चुकलो," काका म्हणाले. "जावई तापलेलाच होता, आणि मी चहा पिऊन आलो."

ही मुलगी नर्स. डोंगरावरच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. तिची पाळी संपायच्या आधीच शेवटची बस खाली निघून जायची. गाडी मिळाली तर नोकरी, नाहीतर घरी बसणं, इतकं सरळ होतं. त्यातच एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची गाडी विकायला आहे असं कळलं. नवरा वारलेला, तेव्हापासून गाडी बंद, एकहाती वापर. मुलीनं फोटो पाहिले आणि मनानं ती केव्हाच त्या गाडीत जाऊन बसली. काकांच्या एका शब्दावर सगळं अडलं होतं.

दोघं गेले तेव्हा ऊन नुकतं अंगणात उतरत होतं. घर वर, गाडीची खोली खाली. आतल्या बाजूनं एक जिना थेट त्या खोलीत उतरत होता. बाईंनी शटर वर केलं. त्यांच्या गळ्यात अजून मोजायची टेप होती. आत एक कोंदट, जळका वास होता.

काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

बॉनेट कोमट होतं. अंथरुणातून माणूस नुकताच उठून गेल्यावर चादर लागते तसं.

"ताई, गाडी सकाळी चालू केली होती?"

"नाही हो काका. ते गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही."

खोटं बोलणारी माणसं काकांनी खंडीभर पाहिली होती. ती आधी डोळे चुकवतात आणि मग जास्त बोलतात. या बाई दोन्ही करत नव्हत्या. फक्त टेपचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

एरवी काका तिथूनच फिरले असते. पण मुलगी दाराशी उभी होती. काका खाली वाकले. पुढच्या चाकापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, धुळीनं जड झालेलं, कुठंही न तुटलेलं. ब्रेकच्या चकत्या गंजून तांबड्या पडल्या होत्या. टायर जमिनीला टेकले होते तिथं चपटे झाले होते. ही गाडी महिनोन् महिने तसूभरही हललेली नव्हती. मग तापली कशानं?

त्यांनी दार उघडलं. भिंतीवरच्या फोटोतला नवरा चांगला उंचापुरा होता, पण सीट इतकी पुढं ओढलेली की काकांचे गुडघे आत मावेनात. क्लचच्या रबरावर धूळ, किल्लीच्या भोकाभोवती मात्र लख्ख. आणि आरसा... आरसा मागचा रस्ता दाखवत नव्हता. तो खाली वळवून मागच्या सीटवर रोखलेला होता, डाव्या कोपऱ्यावर.

बाईंनी दिलेली चावी काकांनी फिरवली. वर्षभर पडून राहिलेल्या गाडीची बॅटरी मेलेली असायला हवी. इंजिन अर्ध्या सेल्फला सुरू झालं, जणू वाटच बघत होतं.

त्यांनी लगेच बंद केलं. "दुसरी चावी कुठाय?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. जुन्या गाडीच्या दोन्ही चाव्या ताब्यात आल्याशिवाय व्यवहार करायचा नाही.

"ती सापडत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांच्याबरोबरच गेली म्हणायची."

"आणि घरात कोण असतं?"

"मी आणि सासूबाई. त्या तर जिना उतरतच नाहीत."

काकांनी तरीही ठरलेलं वाक्य म्हटलं : उद्या परत येतो, गाडी थंड हवी. निघताना त्यांचं लक्ष सायलेन्सरमागच्या भिंतीकडे गेलं. तिथं काजळीचा एक गोल साचला होता, ताटाएवढा. दार लावून कुणीतरी इथं इंजिन चालू ठेवत होतं. रोज.

वाटेत मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा बघवत नाहीये. नको म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा." इंजिन चोख वाजलं होतं. तेच तर कोडं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मुलीला न सांगता, उजाडायच्या आधीच गेले. लबाडी पकडायला जातोय, असं स्वतःला बजावत गेले. गल्लीत शुकशुकाट होता. वरच्या खिडकीत दिवा, आणि शिवणयंत्राची घरघर. इतक्या पहाटे कुणाचे एवढे कपडे शिवायचे असतात, असा विचार त्यांच्या मनात आला न आला तोच त्या आवाजाखाली दुसरा आवाज लागला. बंद शटरच्या आत इंजिन चालू होतं.

काका शटरला कान लावून उभे राहिले. इंजिनाच्या ठेक्यातून एक बोलणं येत होतं. म्हातारा, चिरका आवाज. पण बोलण्याची ढब पुरुषी, घाईतल्या माणसाची.

"आई, ठीक ना?"

मग तोच आवाज, मऊ होऊन : "ठीक रे. तू पुढं बघ."

काका एक पाऊल मागं सरले. पण धूर आठवला आणि त्यांनी शटरला हिसका दिला. कुलूप नव्हतं. निळसर धूर पायांवरून बाहेर सरकला.

चालकाच्या सीटवर एक चिमुकली म्हातारी बसली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय पेडलपर्यंत न पोचलेले. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिचे डोळे आरशात होते, आणि आरशातून ते रिकाम्या डाव्या कोपऱ्याकडे लागले होते, कुणी तिथं बसलं असावं तसे. काकांनीही नकळत तिकडे पाहिलं. सीटवर एक लहानसा खळगा होता.

त्यांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन थांबलं. वरचं शिवणयंत्रही थांबलं.

"मावशी, मागं कोण आहे?"

"मीच की," म्हातारी म्हणाली, हे काय विचारणं झालं, अशा सुरात. "मी तिथं बसायची. तो रोज मला दवाखान्यात न्यायचा. गाडी तापेपर्यंत आरशात बघून एकदा विचारायचा. आता विचारणारा कोण? म्हणून मीच येते, मीच विचारते." तिनं पुन्हा आरशात पाहिलं. "त्याला मी कशी दिसत असेन, ते कळतं इथून."

बाई जिन्यात येऊन उभ्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. पहाटे जिना वाजला की त्या शिवायला बसत, खालचं ऐकू येऊ नये म्हणून. "नवऱ्याचा आवाज येतो हो काका," त्या हळूच म्हणाल्या. "अगदी तोच. सासूबाईंच्या हातातून चावी काढून घ्यायला जीव धजेना. आणि हा धूर एक दिवस घात करेल, हेही दिसत होतं. म्हटलं, गाडीच गेली तर." खोटं सांगितल्याबद्दल त्यांनी माफी मागितली. सासू पहाटे मेलेल्या मुलाच्या आवाजात बोलते, हे गिऱ्हाइकाला सांगायचं तरी कसं?

काका पायरीवर टेकले. आयुष्यभर गरम बॉनेट म्हणजे लबाडी, हे गणित त्यांनी धरून ठेवलं होतं. आणि इथं त्याच गरम बॉनेटनं गाडी जिवंत ठेवली होती. बॅटरी मेली नाही, पंप अडकला नाही, ते या म्हातारीमुळं. गाडी घेण्याजोगी होती. पण खात्री थंडपणीच व्हायची होती, आणि मुलगी त्या डोंगरावरून एकटीनं येणार होती. तिथं भिडस्तपणा चालणार नव्हता.

"मावशी," ते म्हणाले, "माझ्या लेकीला ही गाडी हवी आहे. उद्या गाडी थंड हवी."

जन्मात हजारदा म्हटलेलं वाक्य, पण त्या दिवशी ते त्यांनी खाली बघून म्हटलं. म्हातारीनं भोकातली चावी काढून घेतली. पदराखाली मूठ आवळली.

तिसऱ्या दिवशी मुलगी बरोबर होती. शटर उघडंच होतं. काकांनी बॉनेटवर हात ठेवला. गार. दगडासारखं गार. यावर त्यांना बरं वाटायला हवं होतं. थंड गाडी मागून आपण नेमकं काय थंड केलं? वरून शिवणयंत्राचा आवाजही नव्हता.

"मावशी कुठायत?" त्यांनी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"बाबा," मुलगी काच पुसत म्हणाली, "एक आजी आत बसल्यात."

मागच्या सीटवर, डाव्या कोपऱ्यात, त्या खळग्यात बरोब्बर मावून म्हातारी बसली होती. स्वच्छ लुगडं नेसलेली, केस विंचरलेले.

काकांनी मन घट्ट करून काम सुरू केलं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही. ऑइलच्या गेजवर पाण्याचा मागमूस नाही. "मार सेल्फ," ते म्हणाले. मुलीनं समोरचा हीटरचा दिवा विझू दिला आणि चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं, थोडा पांढरा धूर टाकला, मग ठेका धरला. धूर विरला. काकांनी ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं. ते नुसतं थरथरलं, उडालं नाही. म्हणजे आतून दाब फुटत नव्हता, सिलिंडरचे लायनर शाबूत होते. इंजिनाला चारही बाजूंनी कान देऊन आले, शेवटी हात पुसले.

"घे," ते मुलीला म्हणाले.

जाळं तोडत गाडी बाहेर आली. गंजलेले ब्रेक किरकिरले आणि मोकळे झाले. गल्लीला वळसा घालून ती दारात थांबली तेव्हा म्हातारी उतरली, मूठ उघडली आणि दुसरी चावी मुलीच्या हातावर ठेवली. चावी तिच्या अंगाइतकी गरम होती. मग ती सुनेचा हात धरून जिना चढून गेली. मागं पाहिलं नाही.

मुलगी सोमवारी हजर झाली. गाडीनं कधी दगा दिला नाही. फक्त एक तक्रार : आरसा रस्त्यावर लावून ठेवला तरी सकाळपर्यंत खाली झुकतो.

"आरशामागचा गोळा झिजलाय," काका म्हणाले. "त्यात काय एवढं."

पेचकस घेऊन ते एका पहाटे गाडीत बसले. स्क्रू आवळायला घेतला. आरसा अजून खालीच होता आणि त्यात मागचा डावा कोपरा दिसत होता, खळग्यासकट. काकांनी अंगणात कुणी नाही ना, ते पाहिलं.

"आई, ठीक ना?" त्यांनी हलकेच विचारलं.

थोडा वेळ थांबले. मग आरसा वर करून स्क्रू घट्ट आवळला.