मागची बॅटरी

खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणारा आमचा ट्रक पाळी गावातल्या घराच्या बाजूला फणसाखाली उभा केला. तो उभाच राहिला. मग खाणी पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली आणि ट्रकमालकांच्या संघटनेने निरोप पाठवला. एकोणीस दिवसांनी, सोमवारी सकाळी, सगळ्यांनी आपापले ट्रक माळावर आणायचे. तिथे इंजिन बंद करायचे. नंबर पुकारला की समितीच्या लोकांसमोर सेल्फ मारायचा. चालू झाला तर नंबर फेऱ्यांच्या यादीत. ढकलून चालू केला तर नाही. ट्रक फार झाले होते आणि फेऱ्या थोड्या होत्या, म्हणून ही चाळणी. यादीत आला नाही तर आमच्याएवढ्या जुन्या ट्रकाला भंगारवाल्याशिवाय कोणी विचारणार नव्हते.

मला नोकरी होती. पाण्याच्या मीटरांचे आकडे तपासायचे काम मी करत असे. ट्रकावर खरा अवलंबून होता तो आमचा ड्रायव्हर. दोडामार्गाकडचा, अकरा वर्षे आमच्याकडे, घरामागच्या खोलीत राहणारा. खाणी बंद असताना तो काजूच्या बागायतीत मजुरीला जाई, पण जाण्याआधी रोज दहा मिनिटे इंजिन चालवी. आमच्या भागात सगळेच तसे करत. सकाळी सातच्या सुमारास गावभर उभ्या ट्रकांची घरघर सुरू होई आणि थोड्या वेळाने एकेक करून थांबे. बॅटरी जिवंत राहावी म्हणून.

निरोप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या ट्रकाने सेल्फ घेतला नाही. नुसते टिक झाले.

ट्रकाला चोवीस व्होल्ट लागतात. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. मी मीटर लावला. पुढची १२.७, मागची १०.९. मागची जुनी होती. ती दुकानात देऊन तिच्या बदल्यात नवी आणली आणि रोज इंजिन चालू करण्याआधीचे आकडे वहीत लिहू लागलो. नवी पहिल्या दिवशी १२.७ होती. मग १२.६, १२.५, १२.४. मी तारा घासल्या, टर्मिनले पक्की केली, पाणी पाहिले. आकडा रोज एक-दोन घरे खाली येत राहिला. नवव्या दिवशी ११.७ आणि पुन्हा तेच टिक. पुढची बॅटरी मात्र १२.७ वरून हलली नव्हती.

उतारावर ढकलून इंजिन चालू केले आणि अल्टरनेटर मोजला. २७.८. म्हणजे चार्जिंग बरोबर होते. मग इंजिन बंद करून, पुढच्या बॅटरीवरून ट्रकात जाणारी जाड तार सोडवली आणि मध्ये मीटर धरला. कुठे वीज झिरपत असेल तर तो दाखवील. त्याने शून्य दाखवले. मी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा शून्य.

चार्जिंग बरोबर, गळती शून्य, तरी रोज वीज जाते. मग ती कोणीतरी नेतो, असा हिशेब मी केला. ड्रायव्हरच्या खोलीत केबिनमधला एक छोटा पंखा होता, बारा व्होल्टचा. रविवारी मी त्याच्या दारात गेलो. तो विळ्याला धार लावत होता.

"लाईट गेली की हो पंखो खंयच्या बॅटरीर लायतंस?" मी विचारले.

त्याला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तो उठला, पंखा आणून माझ्यासमोर ठेवला आणि बोटाने पाते फिरवले. ते अर्ध्यावर अडकले. "दोन वर्सां झाली हेका मरान, शेट. ठेवलंय कित्याक, तर टाकूक जीव जायना."

"मग बॅटरी कोण खाता? चावी तुझ्याकडेच मगो?"

"अकरा वर्सां चावी माझ्याकडेच आसा," तो म्हणाला. "तुमच्या वहीत आज माझो पण आकडो घातलात. कितको आयलो?"

मी वळून घरात आलो. सोमवारी सकाळी चावी खिडकीत ठेवलेली होती आणि खोली रिकामी होती. पंखा तिथेच होता. त्या दिवसापासून इंजिनही कोणी चालवले नाही.

गुरुवारी मी डिचोलीच्या जुन्या वायरमनला घेऊन आलो. हे मी आधीच करायला हवे होते, पण आकडे मला वाचता येतात असे मला वाटत होते. त्याने माझी वही चाळली. "अक्षर बरे आसा," म्हणाला. "बॅटरेक वाचून दाखयलात?" मग तो बॅटरीच्या पेटीपुढे उकिडवा बसला आणि दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पट्टीवर बोट फिरवता फिरवता थांबला. तिथून एक बारीक वायर निघाली होती. ती धरून तो केबिनपर्यंत गेला. डॅशबोर्डवर देवाच्या तसबिरीपुढे लाल बल्ब मिणमिणत होता. त्याने वायर ओढली, बल्ब विझला.

"ही कोणी लायली?"

ती मी लावली होती. तीन आठवड्यांपूर्वी मूळचा, चावीबरोबर पेटणारा बल्ब उडाला, तेव्हा बायको म्हणाली होती, "गाडी उभी आसा म्हणून देवाकय काळोखात दवरतलात?" चोवीसचा बल्ब त्या दिवशी मिळाला नाही. बाराचा मिळाला. बाराच्या बल्बाला बारा व्होल्ट, एका बॅटरीत बारा व्होल्ट. मला तो हिशेब सोपा वाटला होता. त्या मागच्या बॅटरीतली वीज जाड तारेतून जातच नव्हती, म्हणून माझ्या मीटरला ती दिसली नाही. रोज सकाळी मी त्या बल्बाला हात जोडत होतो आणि मग खाली उतरून वीज कुठे जाते ते शोधत होतो.

"पाच वॅटचो बल्ब," वायरमन म्हणाला. "जोताक दोन बैल, आनी एकाकच रातदीस राबयतात. मागीर सकाळी दोघांकय म्हणतात, ओढ. दहा मिनिटांनी त्याचे पोट भरता?"

मी मनातच भागाकार केला. दिवसाला दहा अँपिअर-तास. बॅटरी एकशेवीसची, आणि पाव भाग उरला की ती सेल्फ ओढत नाही. नऊ दिवस बरोबर जुळत होते. एवढे बरोबर जुळलेले उत्तर मला कधी इतके नकोसे झाले नव्हते.

त्याने बॅटरी नेऊन दोन दिवस सावकाश चार्जिंगला लावली. शनिवारी परत देताना ती १२.५ दाखवत होती. "व्होल्ट आसा, जीव ना," तो म्हणाला. "चार दीस तळाक पडून रावली ती. दुसरी मेळता जाल्यार पळयात." दुसरी मिळाली नाही. त्या आठवड्यात तालुक्यातल्या प्रत्येक ट्रकवाल्याने बॅटरी घेतली होती, दुकानांत फळ्या रिकाम्या होत्या. शेजाऱ्याची मागावी तर त्यालाही सोमवारी माळावरच जायचे होते.

रविवारी दोन बस बदलून ड्रायव्हरच्या गावी गेलो. तो अंगणात माडाची चुडते विणत होता. मला बसायला पाट दिला, पाणी दिले.

"दोष सापडलो," मी म्हणालो.

"काय होतो?"

"वायर ढिली होती."

त्याने मान हलवली. कोणाची वायर, हे त्याने विचारले नाही. "येतंय उद्या," म्हणाला. "गाडयेसाठी."

सोमवारी सकाळी पहिल्या सेल्फला ट्रक चालू झाला. ड्रायव्हर हसला. सात किलोमीटर त्याने काच खाली करून गाणे गुणगुणत गाडी चालवली. माळावर रांगेत आम्ही बेचाळिसावे होतो. इंजिन बंद केले. उन्हात तीन तास बसलो. मी दोनदा मीटर लावला. १२.३, मग १२.२. तिसऱ्यांदा लावला नाही.

आमचा नंबर पुकारला. ड्रायव्हरने चावी फिरवली. इंजिनाने अर्धा वळसा घेतला आणि टिक झाले. त्याने पुन्हा फिरवली. टिक. समितीतला वही धरलेला माणूस माझ्या ओळखीचा होता. तो थोडा थांबला, माझ्याकडे पाहिले आणि पुढचा नंबर पुकारला.

चौघांनी ढकलला तेव्हा ट्रक लगेच चालू झाला. ड्रायव्हरने तो घरी आणून फणसाखाली लावला. मी म्हणालो, तुझे काम माझ्यामुळे गेले. त्याने टायरावरची माती पायाने झाडली.

"तुमच्यामुळे कशाक? बॅटरीच खराब इली, शेट. दुकानवाल्यान फसयल्यान. तुमचो काय दोष ना."

तेव्हा मला एक वाक्य सांगायचे होते. वायर मी लावली होती, एवढेच. तो थांबलाही होता, त्याची बस यायला अजून वेळ होता. मी आत जाऊन त्याच्यासाठी चहा सांगितला.

चहा पिऊन तो गेला. पुढच्या महिन्यात भंगारवाल्याने ट्रक तोडायला नेला. ड्रायव्हर आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. कधी रस्त्यात भेटला की थांबतो आणि त्या दुकानातून पुन्हा बॅटरी घेऊ नका, असे मला बजावतो. मी बरे म्हणतो.