‘बरं आहे’ म्हणायची खोड

मला कुणीही ‘कसं काय?’ विचारलं की तोंडातून आपोआप ‘बरं आहे’ निघतं. त्याचा तब्येतीशी काही संबंध नसतो. आमच्याकडे विचारणाऱ्यालाही उत्तर ऐकायचं नसतं, त्याची एसटी चुकत असते. असंच ‘बरं आहे’ म्हणत म्हणत एक दिवस मरेन, असं मी चेष्टेने म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी ते जवळजवळ करून दाखवलं.

सुरुवात माझ्याच आगाऊपणाने झाली. मांडवीसारख्या समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाने मासळी बाजारातून साफ करून आणणं मला कमीपणाचं वाटतं. म्हणून शिंगाळा मासा घरी साफ करायला बसलो आणि त्याचा काटा अंगठ्यात घुसवून घेतला. हळद दाबली आणि कालवण चापलं. तिसऱ्या दिवशी अंगठा सुजला, हुडहुडी भरली. बायकोने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि त्यांनी ठेवून घेतलं.

डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि घाईत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आले तेव्हा ताप उतरला होता. फाइलमध्ये बघत त्यांनी विचारलं, ‘काय आजोबा, बरं ना?’ माझे पाय गार पडले होते, श्वास पुरत नव्हता, आपलं काही खरं नाही असं आतून वाटत होतं. मी म्हणालो, ‘बरं आहे.’ तसं फाइलमध्ये लिहिलं गेलं. सरकारी कचेरीत जन्म काढल्यामुळे मला माहीत आहे, कागदावर एकदा बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा आजारी पडणं फार अवघड जातं.

बायको मात्र हटेना. ह्यांनी आज पेपर मागितला नाही, चहाला नावं ठेवली नाहीत, असं ती डॉक्टरांना सांगू लागली. ते हसले. हे लक्षण त्यांच्या पुस्तकात नसावं. या वयात थोडा अशक्तपणा राहणारच, असं बायकोला ‘काकू, काकू’ म्हणत समजावून ते पुढच्या खाटेकडे गेले.

मागे नर्स उभी होती. बोलण्यावरून संगमेश्वराकडची वाटली. ती हसली नाही. हे रोज चहाला नावं ठेवतात का, असं तिने बायकोला विचारलं. रोज, बायको म्हणाली, चाळीस वर्षं. मग नर्स माझ्याजवळ येऊन वाकली.

‘आजोबा, बरा हाय ता ऱ्हाव दे. कालच्यापेक्षा आज काय येगळा वाटतंय, ता सांगा.’

मला रडूच आलं. मग सगळं सांगून टाकलं, काल रात्रीपासून लघवी झाली नाही हेसुद्धा. तिने रक्तदाब दोनदा मोजला आणि डॉक्टरांना परत बोलावून आणलं. आजोबांनी स्वतःच बरं म्हणून सांगितलं, असं ते म्हणाले. मला त्यांनी वेगळं सांगितलं, एवढंच ती म्हणाली आणि जागची हलली नाही. त्यांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

सेप्सिस हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अंगठ्यातला संसर्ग साऱ्या शरीराला भोवला होता. आठ दिवस आयसीयूत काढले. शेवटी डॉक्टर माझ्याजवळ स्टूल ओढून बसले. आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, आणि काकूंचं आपण ऐकायला हवं होतं, असं त्यांनी सरळ कबूल केलं. मला त्यांच्यावर रागावता येईना. त्या फाइलमधलं खोटं मीच सांगितलेलं होतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी बायको ओट्याला धरून उठली आणि तिने गुडघा दाबला. मी पेपरातून विचारलं, कसं आहे? बरं आहे, ती म्हणाली. मी पान उलटलंसुद्धा होतं. मग पेपर खाली ठेवला आणि विचारलं, ‘कालच्यापेक्षा आज काय वेगळं वाटतंय?’

तिने माझ्याकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

‘कालचं राहू दे,’ ती म्हणाली. ‘पाच वर्षांपासूनचं सांगते.’