साजण येऊन राहिला

माझ्या बहिणीचे लग्न एका क्रियापदामुळे मोडता मोडता वाचले. क्रियापदे शिकविणे हा माझा व्यवसाय होता.

नागपुरात धंतोलीतील एका शाळेत मी मराठी शिकवीत असे. कवितेचा अर्थ सांगण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असे माझे मत होते. (इतरांचे मी विचारले नव्हते.) शालूला पाहायला पुण्याची मंडळी आली, तेव्हा पोहे येण्याआधीच मी मुलाच्या वडिलांना, तात्यासाहेबांना, बजावले, "आमच्या घरात शुद्ध मराठीच बोलली जाते. नागपुरी वळणाचा एक शब्द सापडायचा नाही!" स्थळ उत्तम होते. आईने तर मनोमन मांडवही घातला होता.

"मुली, तुमच्याकडच्या बायकांचं एखादं गाणं म्हण," तात्यासाहेब म्हणाले.

शालूने पेटी पुढे ओढली आणि आमच्याकडे घरोघरी म्हटले जाणारे गाणे धरले:

"साजण माझा येऊन राहिला,
दारी दिवा लाव बाई..."

आवाज उत्तम लागला. (हा शेरा मी विद्यार्थ्यांच्या वह्यांवरही क्वचितच देत असे.) मुलगा पोहे विसरला. तात्यासाहेब मात्र ताठ झाले.

"येऊन राहिला? कोण? आणि कधीपासून?"

नागपुरात त्याचा अर्थ 'येत आहे', एवढेच सांगायचे होते. पण मग माझ्या शुद्ध मराठीचे काय! मी घसा खाकरला. "साजण म्हणजे परमेश्वर. तो हृदयात येऊन कायमचा राहिला."

"बापरे! मुलगी विरक्त आहे की काय?"

"छे, छे! साजण म्हणजे... आत्मा."

"आणि दारात दिवा कशाला?"

"आत्मा गेल्यावर..." मी बोलून बसलो.

"गाणं मयताचं आहे?" तात्यासाहेबांनी बशी दूर सारली.

दाराआडून आईचा आवाज आला, "बाप्पा! शुभकार्यात हा काय सांगून राहिला गा!"

शालूने पेटी बंद केली. "दादा, आधी मले जोगीण केलं, आता मयतात बसवून राहिला! काहून गा?" मग ती शांतपणे तात्यासाहेबांकडे वळली. "काका, साजण अजून पोचला नाही, रस्त्यात आहे. आमच्याकडे 'येत आहे'ले 'येऊन राहिला' म्हणतात. दादाही रोज 'जेवून राहिलो' म्हणतो, तेव्हा तो ताटावरच असतो!"

भावी सासऱ्यासमोर, भर बैठकीत, जराही न अडखळता! इतके नेमके रसग्रहण मला कधी साधले नव्हते. मी तिला तसे सांगितले नाही.

मुलगा प्रथमच बोलला, "मग मी वरात घेऊन येऊन राहिलो, म्हटलं तर चालेल?"

"आधी पोहे खा. थंडे होऊन राहिले!" शालू म्हणाली. तात्यासाहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले.

लग्न झाले. पुढे जावईबापूंची बदली नागपुरास झाली. घर मिळेपर्यंत म्हणून ते शालूसह आमच्या माडीवर उतरले. ते घर त्यांना अजून मिळालेले नाही.

तात्यासाहेब आले की माडीकडे बोट दाखवून विचारीत, "मास्तर, 'येऊन राहिला' म्हणजे हो काय?"

मी दारात दिवा लावीत असे.